लिंडलार कॅटलिस्ट ‘आपोआप’ थांबत नाही

लिंडलार कॅटलिस्ट म्हणजे शिसं लावून मुद्दाम मंद केलेलं (‘विषप्रयोग’ केलेलं) पॅलेडियम. हायड्रोजन देऊन अल्काइनचं (तिहेरी बंध) अल्कीन (दुहेरी बंध) करायला ते वापरतात. विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत हे हटकून सापडतं: “लिंडलारमधल्या पॅलेडियमवर विषप्रयोग केलेला असतो, म्हणून रिअ‍ॅक्शन सिस-अल्कीनवर (दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला दोन्ही गट) थांबते. हायड्रोजनचा फुगा लावा, रात्रभर ढवळत ठेवा.”

‘थांबते’? नाही, मंदावते. अल्काइन पॅलेडियमला अल्कीनपेक्षा घट्ट चिकटतं. ते शिल्लक आहे तोवर तयार झालेल्या अल्कीनला पृष्ठभागावर जागाच मिळत नाही. शिसं आणि क्विनोलिन (सोबत घालायचा नायट्रोजनयुक्त द्रव) हा फरक वाढवतात, इतकंच. अल्काइन संपलं की जागा मोकळी होते. मग अल्कीनचं अल्केन (फक्त एकेरी बंध) व्हायला लागतं. शिवाय एकच हायड्रोजन अणू घेतलेला अल्कीनचा रेणू तो परत सोडताना फिरून ट्रान्स (गट विरुद्ध बाजूंना) होऊन सुटतो. रात्रभर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये सकाळी हे दोन्ही सापडतात.

‘फुगा लावा’ ही खरी गोम. किती वायू गेला ते फुगा सांगत नाही. समजा 5-डेकाइन हे अल्काइन 1.38 ग्रॅम घेतलं, म्हणजे 10 मिलिमोल. 30 अंशांना, वातावरणाच्या दाबाला अल्कीनपर्यंत जायला त्याला 249 मिली कोरडा हायड्रोजन पुरतो. गॅस ब्युरेट (वायू मोजायची खुणा केलेली नळी) पाण्यावर असेल तर वाफ धरून सुमारे 260. कॅटलिस्ट 70 मिलिग्रॅम, क्विनोलिन साधारण तेवढंच. हेक्झेन, क्विनोलिन आणि कॅटलिस्ट आधी हायड्रोजनखाली ढवळा, अल्काइन नंतर सोडा. नाहीतर कॅटलिस्टने गिळलेला वायूही हिशेबात येतो. 220 मिलीनंतर दर काही मिनिटांनी जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी) नमुना द्या. वायू ओढण्याचा वेग 260 जवळ ठळकपणे पडला नाही, तर कॅटलिस्ट जास्त झालाय.

‘टीएलसी (सिलिकाच्या प्लेटवर ठिपके वेगळे करण्याची चाचणी) पुरते’ म्हणणाऱ्यांनी साध्या सिलिकावर अल्काइन-अल्कीनचे ठिपके वेगळे करून दाखवावेत. सिल्व्हर नायट्रेट लावलेली प्लेट घ्या. सिस की ट्रान्स, ते एनएमआरमधल्या कपलिंगवरून (दुहेरी बंधावरच्या दोन हायड्रोजनच्या खुणांमधलं अंतर) कळतं: सिसला 10-11 हर्ट्झ, ट्रान्सला 15-16. (5-डेकीनसारख्या सममित रेणूत ते थेट वाचता येत नाही, तिथे जीसीच.)

‘कुठल्याही अल्काइनला चालतं’ हेही अर्धसत्य. टोकाच्या (साखळीच्या टोकाला तिहेरी बंध असलेल्या) अल्काइनचं अल्कीन उघडं असतं, ते झपाट्याने पुढे जातं. तिथे मिनिटांचा फरक पडतो.

गाळताना सेलाइटवरचा (गाळणीत वापरायची भुकटी) कॅटलिस्ट कोरडा पडू देऊ नका, हवेत पेट घेऊ शकतो. क्विनोलिन थंड 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने धुऊन काढा.