अंडी बंद झाली की लगेच "कापून टाक" म्हणणाऱ्यांनो, आधी चार प्रश्न विचारा

मला आता खरंच वैताग आलाय. परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या माणसानं "अंडी बंद झालीत" एवढं म्हणायची खोटी, समोरच्याचं उत्तर तयारच असतं. खाद्य बदल. म्हातारी झाली असेल. नाहीतर सरळ, कापून टाक, फुकट कशाला पोसायची. कुणी एकानं तरी विचारावं ना, की कोंबडी किती महिन्यांची आहे, पिसं झडतायत का, पाणी कुठे ठेवतोस, दिवस सध्या लहान आहे का मोठा? नाही. विचारायचं काहीच नाही, थेट निकाल.

आणि हा निकाल निम्म्या वेळा हिवाळ्यात लागतो, हा तर कहर आहे. अरे दिवस लहान झालाय! कोंबडी नियमित अंड्यावर राहायला रोज साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. तो उजेड नुसता डोळ्यांतून जात नाही, कवटीतून आत मेंदूपर्यंत पोचतो, तिथून हार्मोन सुटतात आणि मग अंडाशयात बलक वाढायला लागतात. जिथे हिवाळ्यात दिवस बराच आखडतो तिथे हे सगळं मंदावतं, कारण पिल्लं काढायचा हा काळ नाही हे तिच्या शरीराला कळतं. यात बिघाड कुठे आला? तलंगा, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, पहिला हिवाळा बऱ्याचदा तशाच अंडी देत काढतात, म्हणून लोकांना वाटतं दरवर्षी असंच चालणार, आणि पुढच्या हिवाळ्यात अंडं दिसलं नाही की बोंब सुरू. दिवा लावायचाय? लावा, पण टायमरवर पहाटे लावा. संध्याकाळी लावून फटकन बंद केला तर ती रात्री बसायच्या काठीवर चढायच्या आधीच अंधारात अडकते. आणि रात्रभर दिवा चालू ठेवा असं सांगणाऱ्यांनी मेहरबानी करून गप्प बसावं, तिला झोपायला अंधार लागतो.

पिसं झडण्याबद्दल तर बोलायलाच नको, खरं तर बोलायलाच हवं. वर्ष-दीड वर्षाची झाली की कोंबडी जुनी पिसं टाकते, खुराड्यात जिकडे तिकडे पिसं, शेपटी गायब, मान उघडी, आणि बघणारा म्हणतो रोग लागला, औषध पाज. मग कुणीतरी अँटिबायोटिक पाण्यात मिसळून देतं, कशासाठी देतोय हे त्यालाही माहीत नसतं! कधी जवळून बघितलंय का? मानेवर काळपट नळ्या फुटलेल्या असतात, साळिंदरासारख्या, त्यात रक्त खेळत असतं आणि तिथे हात लागला तरी तिला दुखतं. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीन, ८५ टक्क्यांच्या आसपास. अंगभर नवीन पिसं उगवायची तर ते प्रोटीन कुठून आणायचं तिनं? म्हणून अंडं थांबतं. दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त. अशा वेळी तिला जास्त प्रोटीन द्या, उचलाउचली करू नका, आणि वाट बघा. पण वाट बघणं हाच सल्ला कुणाला द्यायचा नसतो.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीचे हाल तर याहून वाईट. ती बिचारी रिकाम्या खोक्यात अंग पसरून बसते, जवळ गेलं की फुगते, गुरगुरते, पोटाखालची पिसं उपटून उघड्या कातडीची ऊब देते, दिवसातून एकदा उठून घाईघाईनं खाते-पिते आणि परत जाऊन बसते. प्रोलॅक्टिन, म्हणजे उबवायला बसवणारं हार्मोन, वाढलेलं असतं, अंडाशय बंद, तिला २१ दिवस बसायचंय. आणि उपाय काय सांगतात, तर गार पाण्यात बुचकळून काढा. जिवंत जनावर आहे ते! जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवा, खालून हवा लागू द्या, आत गवत-भुसा काही नको, दाणापाणी समोर. पोट गार राहिलं की बहुतेक जणी खुडूकपणा सोडतात. मग अंडं यायला आणखी एक-दोन आठवडे लागतात, ते लागतातच.

आता खाद्य. "मका टाक भरपूर, अंडी येतील." कोण सांगतं हे? मक्यात प्रोटीन जेमतेम ८-९ टक्के आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या वर प्रोटीन लागतं, कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतं. एका टरफलात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं आणि ते टरफल चढायला २० तास लागतात, त्यातले बरेच रात्रीचे. खाण्यातून पुरलं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते! आधी टरफल पातळ होतं, मग एक दिवस खोक्यात नुसतं मऊ पापुद्र्यातलं अंडं सापडतं, बोटानं दाबलं तर दबतं, आणि मग बंद. एवढं डोळ्यासमोर घडत असताना लोक उरलंसुरलं अन्न आणि मका टाकत राहतात आणि शेवटी दोष कुणाला, कोंबडीला. लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य) पोटभर आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, एवढंच तर करायचंय.

पाण्याचं तर कुणी नावच घेत नाही. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. कडक उन्हात भांडं एक दिवस कोरडं राहिलं तरी अंड्यांवर पुढे कितीतरी दिवस परिणाम होतो. उन्हाळ्यात ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, खाणं कमी करते, धापा टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानंही टरफल पातळ होतं. सावली द्या, दोन-तीन ठिकाणी गार पाणी ठेवा. हे सांगायला डॉक्टर लागतो का?

आणि रात्री टॉर्च घेऊन कधी खुराड्यात जाता का? लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, दिवसा दिसतच नाहीत. काठीच्या खालच्या बाजूला, फटीत लपून बसतात आणि रात्री चढून रक्त पितात. पांढरा कागद काठीखाली घासून बघा, लाल रेघा उठल्या तर उत्तर तुमच्या हातात आहे. तुरा फिका पडत चाललाय, रात्री खुराड्यात जायला कोंबड्या तयार नाहीत, आणि घरात चर्चा काय तर खाद्याची कंपनी बदलायची का!

कधीकधी तर अंडी बंद झालेलीच नसतात हो. मोकळ्या कोंबडीनं कुंपणाच्या कडेला झुडपात घरटं केलेलं असतं, नाहीतर घूस, साप, कावळा आपल्या आधी पोचतो, नाहीतर कळपातलीच एक अंडी फोडून खायला शिकलेली असते. दोन-चार दिवस दुपारपर्यंत कोंडून बघा, बहुतेक अंडी तोपर्यंत पडतात. आणि कोंबडी हातात धरून मागच्या बाजूची दोन टोकदार हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं बसली आणि जागा मऊ लागली तर ती अंड्यावर आहे, अंडं दुसरीकडे जातंय. एकच बोट कसंबसं बसलं तर खरंच बंद आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण नाही करणार, आधी सुरीची भाषा.

एक गोष्ट मात्र खरंच तातडीची आहे आणि नेमकी तिथेच लोक म्हणतात "बघू उद्या". कोंबडी अंग ताठ उभं धरून शेपटी खाली पाडून उभी आहे, पुन्हा पुन्हा जोर लावतेय, खात नाही, तर अंडं अडकलेलं असू शकतं. उद्यापर्यंत ती राहीलच असं नाही, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

आणि आता विकणारे. माझा सगळ्यात जास्त राग यांच्यावर आहे. "महिन्याभरात अंड्यावर येईल" म्हणून जी कोंबडी देतात तिच्या पायावरचे खवले जाड, खडबडीत झालेले असतात, नख्या वाढलेल्या असतात, म्हणजे सरळसरळ दीड-दोन वर्षांची, फार्ममधून काढलेली. तलंगेचे पाय गुळगुळीत असतात, लपवता येत नाहीत, तरी तोंडावर खोटं बोलतात. रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते. माणसानं निवड करत करत तिच्या वंशातली हायब्रीड लेयर, म्हणजे अंड्यांसाठीची संकरित कोंबडी, ३०० च्या आसपास नेऊन ठेवली. पहिल्या वर्षात ती सगळं देऊन बसते, मग दरवर्षी उतरत जाते, आणि अशी थकलेली कोंबडी नवीन म्हणून विकायची, घेणारा दोन महिने वाट बघतो, खाद्य बदलतो, औषधं देतो, शेवटी त्या मुक्या जिवावर राग काढतो. पिल्लू कोणत्या महिन्यात निघालं एवढं एक वाक्य खरं सांगायला काय जातं यांचं? विकत घेताना ते विचारा, पाय हातात घेऊन बघा, आणि विकणारा उत्तर टाळत असेल तर कोंबडी खाली ठेवून सरळ निघा तिथून.