बाल्कनी आत घेतलेलं विमान

ठाण्यात फ्लॅट घेतलेला माणूस आधी ग्रिल लावतो, मग बाल्कनी आत घेतो. सहा महिन्यांनी भरदुपारी ट्यूबलाइट लावून "हॉल कसा ऐसपैस झाला!" म्हणत बसतो. मी रिमोटवर उडवायच्या ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या छोट्या विमानाच्या बाबतीत नेमकं हेच केलं.

ग्लायडरचं नाव 'जंटल लेडी'. कार्ल गोल्डबर्ग यांच्या अमेरिकन कंपनीचं जुनं, नावाजलेलं किट. पंखांचा पल्ला ७८.२५ इंच, म्हणजे स्पर्धांमधल्या २ मीटरच्या गटात जेमतेम बसणारा. इंजिन नाही, एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) नाहीत, रिमोटवर फक्त शेपटीवरचे रडर (डावं-उजवं) आणि एलिव्हेटर (वर-खाली). पंखांची टोकं वर उचललेली असल्यामुळे नुसता रडर दिला तरी ते आपणहून कलून वळतं. नवशिक्याला याहून समजूतदार विमान मिळायचं नाही. मित्राच्या माळ्यावर पडून असलेला तो खोका घरी आला, तेव्हा बायकोनं वरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "घरात एक होती, ती पुरत नव्हती का रे?"

डायनिंग टेबलवर प्लॅन पसरला, त्यावर प्लास्टिक अंथरलं आणि बाल्साच्या हलक्या लाकडाच्या रिबा, म्हणजे पंखाच्या फासळ्या, टाचण्यांनी खोचून ठेवल्या. पंखाचं टोक उचलायला खाली लोणच्याची बरणी. तीन आठवडे घरात जमिनीवर पंगत. आईला मात्र बरं वाटलं, म्हणाली, "निदान मांडी घालून जेवताय."

जुलै होता. हा झटपट गोंद, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा, वाळत नाही. तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. आणि जुलैतल्या ठाण्यात ओलाव्याला काय तोटा? रिब जागेवर नेईपर्यंत ती माझ्या अंगठ्याला लागलेली असे. ऑफिसच्या थंब मशीननं दोन दिवस मला ओळखच दिली नाही. एचआरला खरं कारण सांगितलं, तर त्यांनी अर्धी रजा मांडली.

इथपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे चाललं होतं. मग माझ्यातला फ्लॅटमालक जागा झाला.

पंख रबरबँडनी बांधायचा? छे, नायलॉनचे बोल्ट लावू. स्पार, म्हणजे पंखाचा कणा, नुसत्या लाकडाचा? कार्बनची पट्टी घालू. मग स्पॉयलर. वर चढणाऱ्या उष्ण हवेत सापडलेलं ग्लायडर खाली यायचं नाव घेत नाही, तेव्हा पंखावरची ही झडप उघडून त्याला उतरवतात. ते बसवायला आणखी एक सर्व्हो, म्हणजे झडप हलवणारी छोटी मोटर, आला. शेपूट नाजूक वाटली, तीही जाड केली.

शेपटीनं मात्र दगा दिला. पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं, तर ते मागे बसलं. शेपूट लांब आणि नाक आखूड, त्यामुळे मागे १ ग्रॅम वाढला की पुढे दोन-तीन ग्रॅम ओतावे लागतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या काकांकडून जाळ्याला लावायचं शिसं आणलं. "कुठं टाकताय जाळं?" त्यांनी विचारलं. "हवेत," मी म्हटलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दया आली असावी.

बायकोची इस्त्री घेऊन विमानावर प्लास्टिकची फिल्म चढवली (तिच्या एका कुर्त्यावर अजून लाल डाग आहे, तो विषय नको). मग वजन केलं. पाऊण किलोचं विमान १,१०० ग्रॅम भरलं.

शिवाय अख्खा पंख मी एकसंध चिकटवला होता. लिफ्टमध्ये तो उभा मावला, रिक्षात आडवा मावेना. बाहेर काढून धरू म्हटलं तर रिक्षावाला म्हणाला, "साहेब, आपण उडालो तर मीटर कसा लावू?" शेवटी मित्राच्या गाडीच्या खिडक्यांतून दोन्ही टोकं बाहेर काढून बदलापूरच्या पुढे, भातकापणी झालेल्या एका शेतात पोचलो. शेताच्या मालकांना आधीच विचारलं होतं. विमान गलोलीसारखं वर सोडायला ३० मीटर रबरी नळी आणि १२० मीटर दोरी अंथरताना बघून ते म्हणाले, "एवढ्या दाव्याला बैल केवढा?"

नळी ताणली, सोडलं. विमान चढलं! मी 'चढलं' म्हणेपर्यंत दोरी सुटली आणि ते खाली निघालं. वर दोन घारी पंखही न हलवता गोल फिरत होत्या, म्हणजे उष्ण हवा तिथंच होती. मी तिकडे वळवलं, तर ते घारींच्या खालून दुधाच्या टेम्पोसारखं सरळ निघून गेलं. परत फिरवलं, आता ते माझ्याकडेच तोंड करून येत होतं. अशा वेळी डावं-उजवं उलटं होतं हे मला पाठ होतं. बोटांना नव्हतं.

ते बांधावर टेकलं. पंख शाबूत राहिला, कार्बनची कृपा. शिसं भरलेलं नाक मात्र वीतभर चिखलात. स्पॉयलर उघडायची वेळच आली नाही. खाली यायला त्याला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

मालकांनी ते मुळ्यासारखं उपटून माझ्या हातात दिलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय. एक बारकं इंजिन बसवा की नाकात."

परतीच्या वाटेवर, पंखाचं टोक खिडकीबाहेर धरून, मी फोनवर मोटरींची वजनं बघत होतो.