कवडीची आंघोळ

सध्या आमच्या घरात कुणी कुणाला चिकटून बसत नाही. भांडण वगैरे काही नाही. कवडीला उवा झाल्यात.

कवडी म्हणजे आमच्या चार गावठी कोंबड्यांतली थोरली. ऐन आषाढात ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. एरवी कोंबडी कोरड्या मातीत खड्डा करून लोळते, पिसांत माती भरून घेते आणि झटकून उठते. तीच तिची आंघोळ, उवा त्यातच जातात. पण रत्नागिरीच्या पावसात कोरडी माती आणायची कुठून? त्यात खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठणार, चार दाणे टिपणार आणि परत अंड्यांवर. 21 दिवस बिनआंघोळीची! उवांची चंगळच.

शोध आईने लावला. अंडी चाचपायला हात घातला आणि कोपरापर्यंत काहीतरी सुरसुरलं. "अरे, हिच्या अंगात किडे झालेत. रात्री बघ, दिवसा टोचून काढील."

रात्री कोंबडीला फारसं दिसत नाही, हे खरं. पण वीज गेल्यामुळे आम्हालाही दिसत नव्हतं. बायकोने मोबाइलचा उजेड धरला, मी कवडीला उलटी करून काखेत घेतली आणि शेपटीखालची पिसं फुंकली. वाळल्या गवताच्या रंगाचे, तिळाहून बारीक जीव उजेड पडताच सैरावैरा पळाले. पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे, तूप कमी पडलेल्या खिचडीसारखे. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. साबुदाण्याला घरात कुणी शिवलं नाही. इतका कडक उपास आमच्या घरात प्रथमच घडला.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "या उवा माणसाच्या अंगावर राहत नाहीत. घाबरू नका." हे मला पटलं, माझ्या पाठीला पटलं नाही. ती अजून खाजतेय. त्यांनी पावडर दिली. तिने लिखा मरत नाहीत, त्या आठवडाभरात फुटतात, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा मारायची. शिवाय खुराड्याच्या फटी बघायच्या, कारण तांबडे माइट, म्हणजे पिसवांसारखे बारीक किडे, दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात. आखाडात सारं गाव कोंबडीकडे वेगळ्या नजरेने बघतं. मी भिंग घेऊन खुराड्याच्या फळ्या बघत होतो.

आईला पावडर मान्य नव्हती. "राख चोळ. तुझ्या आजीने कधी डॉक्टर आणला होता?"

पण राख कुठली? आमच्या चुलीवर आता मनीप्लांटची कुंडी आहे आणि पाण्याला गीझर. मुंबईचा मेहुणा म्हणाला, "भांडी घासायची राख ऑनलाइन मिळते. पाठवू?" राख विकत घेणं आईच्या हयातीत शक्य नव्हतं. शेजारच्या काकूंच्या न्हाणीत मात्र अजून चूल पेटते. घमेलं घेऊन गेलो.

"कशाला रे राख?"

उवा म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्या आमच्या डोक्यात असल्याचं गावभर झालं असतं. "भांड्यांना हवी होती," म्हटलं.

काकूंनी घमेलं भरून राख दिली. दुसऱ्या दिवशी बायकोला आपुलकीने विचारलं, "हाताला साबण सोसत नाही का गं?"

घमेलं पडवीत ठेवलं आणि चूक झाली. बाकीच्या तिघींना जूनपासून कोरडं काही मिळालं नव्हतं. त्या आळीपाळीने त्यात बसल्या, मनसोक्त लोळल्या आणि बरोबर दोरीखाली येऊन झटकल्या. चार दिवस वाळत घातलेली माझी पांढरी बनियनं गोसाव्याला शोभतील अशी झाली. जिच्यासाठी राख आणली ती कवडी अंड्यांवरून हललीच नाही. तिला मी पावडरच मारली, आईच्या चोरून.

दहाव्या दिवशी दुसरा हात मारायला निघालो, तर काकू कुंपणापाशी उभ्या. त्यांचा कोंबडा रोज आमच्याच अंगणात असतो, हे मी विसरलोच होतो. त्या कोपर खाजवत होत्या.

"काय रे, ती डॉक्टरांची पावडर उरली असेल तर दे थोडी."

"कशाला हो काकू?"

"भांड्यांना हवी होती."