यू-५ वरची टेरेझे गीझे

म्युनिकच्या यू-५ या भुयारी रेल्वेवर, शेवटच्या थांब्याच्या अलीकडे एक स्टेशन आहे: टेरेझे-गीझे-आले. नॉयपेर्लाखला राहायला आल्यापासून मी रोज तिथे चढते-उतरते. ‘आले’ म्हणजे दुतर्फा झाडं असलेला रस्ता. आणि टेरेझे गीझे ही एक नटी. एवढं कळायला मला तीन वर्षं लागली याची मला खंत आहे, कारण मी स्वतः नाटकातली. पुण्यात शिकताना चार वर्षं एकांकिका केल्या. अंगाने थोराड, आवाज जाड, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षापासून माझ्या वाट्याला आजी, सासू नाहीतर शेजारीण. नायिकेच्या वाचनाला मला कुणी बसवलंसुद्धा नाही. ते तेव्हा लागलं होतं, अजूनही लागतं.

गीझे मला भेटली वाचनालयात. जर्मन नाटककार ब्रेख्तने आपल्या ‘मदर करेज’ या नाटकाच्या प्रयोगांचे फोटो आणि टिपणं एकत्र करून एक पुस्तक केलं होतं, इतर नाट्यगृहांनी नाटक बसवताना ते समोर ठेवावं म्हणून. ते चाळत होते. बहुतेक फोटो हेलेने वायगेलचे. ती ब्रेख्तची बायको आणि बर्लिनच्या प्रयोगातली करेज, म्हणजे गाडी ओढत सैनिकांना माल विकणारी नाटकातली मुख्य बाई. मधेच दुसरीच बाई दिसली. रुंद चेहरा, बारीक डोळे, आणि बांधा असा की वाटावं, ही गाडी आयुष्यभर हिनेच ओढली असणार. खाली नाव वाचलं आणि अंगावर काटा आला. रोज कानावर पडणाऱ्या नावाला पहिल्यांदा चेहरा मिळाला.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे, आणि आज हे लिहायला बसले, कारण मराठीत तिच्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं असं मनापासून वाटतं. ब्रेख्त आपल्याला परका नाही. विजयाबाई मेहतांनी वायमारच्या फ्रिट्झ बेनेविट्झना बरोबर घेऊन ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं, पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. शिबिरांत आम्हाला ब्रेख्त सिद्धांत म्हणून शिकवला गेला: प्रेक्षकाने रडू नये, विचार करावा, नटाने पात्रापासून अंतर ठेवावं. पण त्याच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकांपैकी एकाची संहिता त्याला पुन्हा हातात घ्यावी लागली, आणि त्यामागे एका नटीचा प्रयोग होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

सुरुवात थोडक्यात सांगते. जन्म ६ मार्च १८९८, म्युनिक, ज्यू कुटुंब, खरं आडनाव गिफ्ट. दिसायला चारचौघींसारखी, हट्ट मात्र नाटकाचाच. झीगेन, ग्लायविट्झ, लांड्सहूट, ब्रेस्लाउ अशी गावोगावची नाटकमंडळ्यांची नोकरी केली आणि १९२६ मध्ये दिग्दर्शक ओटो फाल्केनबेर्गच्या म्युनिक कामरश्पिले या नाट्यगृहात आली. तिशीच्या आतबाहेर असतानाच वयस्कर, खमक्या, लबाड, कष्टकरी बायांच्या भूमिका तिच्या नावावर होऊ लागल्या. हाउप्टमानच्या नाटकातली चोऱ्या करणारी धोबीण, मुटर वोल्फेन, ही तिची खास. ज्या भूमिका मी शिक्षा म्हणून केल्या, त्यांचंच तिने राज्य केलं.

मग १९३३ उजाडलं. १ जानेवारीला, म्हणजे हिटलर चान्सेलर व्हायच्या चार आठवडे आधी, कादंबरीकार थॉमस मानची मुलगी एरिका, तिचा भाऊ क्लाउस, संगीतकार माग्नुस हेनिंग आणि गीझे यांनी मिळून ‘फेफरम्युले’ नावाचा कॅबरे, म्हणजे राजकीय टोमणे मारणारा गाण्यांचा आणि छोट्या प्रवेशांचा कार्यक्रम, काढला. फेफरम्युले म्हणजे मिऱ्यांची चक्की. नाव खुद्द थॉमस माननी जेवणाच्या टेबलावरची चक्की दाखवून सुचवलं, असं सांगतात. जागा कुठली, तर होफब्रॉयहाउस या बिअरगृहाच्या अगदी शेजारची. तेच होफब्रॉयहाउस, जिथे हिटलरने सुरुवातीच्या सभा गाजवल्या. मी त्या गल्लीत जाऊन उभी राहिले आहे. आज तिथे पर्यटक बिअरचे लिटर-लिटरचे मग उचलून फोटो काढतात. एका भिंतीपलीकडे ही मंडळी गाणी आणि छोटे प्रवेश करून राजवटीची साल काढत होती. गीझे आणि एरिका यांचं नातं मैत्रीपलीकडचं होतं, हेही इथेच सांगते, कारण त्याशिवाय पुढची फरपट समजत नाही. मार्चमध्ये दोघींना देश सोडावा लागला.

शरद ऋतूत चक्की झुरिकमध्ये पुन्हा फिरू लागली. तिथून स्वित्झर्लंड, हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग, चेकोस्लोव्हाकिया. तीन-चार वर्षांत हजारावर प्रयोग. १९३४ च्या नोव्हेंबरात झुरिकमध्येच स्विस फ्रंटवाल्यांनी, म्हणजे तिथल्या नाझी-प्रेमींनी, प्रयोगात धुडगूस घातला. बंदोबस्तात प्रयोग करावे लागले. ज्यांनी कधी प्रेक्षकांतून आरडाओरडा ऐकलाय त्यांना कळेल, विंगेत उभं राहून तो आवाज ऐकणं काय असतं ते. १९३७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला इंग्रजीतून प्रयत्न केला आणि तो पडला. मला तो पडण्याचा प्रसंग फार जवळचा वाटतो. विनोद, चाल, शिवी, उसासा, सगळं स्वतःच्या भाषेत मुरलेलं असताना दुसऱ्या भाषेत उभं राहायचं! आठ वर्षं जर्मनीत काढूनही मी अजून जर्मनमध्ये भांडू शकत नाही.

मधल्या काळात, १९३६ साली, ती लग्न करून ब्रिटिश झाली. नवरा जॉन हॅम्पसन, इंग्रज लेखक, स्वतः समलिंगी. जुळवणारा कवी ऑडन, ज्याने आदल्याच वर्षी एरिकाशी तसंच लग्न करून तिला पासपोर्ट दिला होता. काही जण हे गमतीदार किस्सा म्हणून सांगतात, मला ते पटत नाही. आपल्या सरकारच्या लेखी आपण नकोसे झालो आहोत आणि एका अनोळखी माणसाच्या सहीने जीव वाचतोय, यात हसण्यासारखं काही नाही. हॅम्पसनबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१९ एप्रिल १९४१, झुरिकचं शाउश्पीलहाउस. ‘मदर करेज’चा जगातला पहिला प्रयोग. दिग्दर्शक लेओपोल्ड लिंट्बेर्ग, नेपथ्य टेओ ओटोचं, करेज म्हणजे गीझे. नट बरेचसे जर्मनीतून-ऑस्ट्रियातून पळून आलेले. ब्रेख्त स्वतः फिनलंडमध्ये, अमेरिकेच्या वाटेवर; त्याने हा प्रयोग पाहिलाच नाही. त्याच महिन्यात हिटलरच्या फौजा युगोस्लाव्हिया आणि ग्रीसमध्ये घुसल्या होत्या. चारी बाजूंनी नाझी आणि त्यांचे दोस्त, मधे हा चिमुकला देश, आणि त्यातल्या एका नाट्यगृहात ही बाई सतराव्या शतकातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त गाडी ओढत सैनिकांना दारू, पट्टे आणि सदरे विकतेय. युद्धावर पोट भरतेय आणि युद्धच तिची तिन्ही मुलं एकेक करून गिळतंय.

प्रेक्षक हेलावले. वृत्तपत्रांनी लिहिलं ते आईबद्दल, तिच्या दुःखाबद्दल, तिच्या न मोडणाऱ्या जिद्दीबद्दल. ब्रेख्तला ते खटकलं. त्याला दाखवायची होती ती व्यापारीण, जी एवढं होऊनही काही शिकत नाही. म्हणून पुढे १९४९ च्या बर्लिनच्या प्रयोगासाठी त्याने संहिता बदलली. पहिल्या प्रवेशात ती पट्ट्याच्या बकलाचा सौदा करण्यात गुंतलेली असताना थोरला मुलगा सैन्यात ओढला जातो, हे धारदार केलं. पाचव्या प्रवेशात जखमींच्या पट्ट्यांसाठी आधी ती स्वतःहून सदरे फाडून देत होती. नव्या संहितेत ती देत नाही, तिच्याकडून घ्यावे लागतात. आणि वायगेलने शेवटी ते प्रसिद्ध केलं: मुक्या मुलीच्या दफनासाठी शेतकऱ्यांना द्यायला पिशवीतून नाणी काढली आणि त्यातलं एक परत आत टाकलं.

ते नाणं मला ठाऊक आहे. माझी आजी आठवडी बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची. माझा धाकटा काका गेला आणि चौदावा झाल्यावर पहिल्याच बाजाराला ती पाटी घेऊन गेली. गाव म्हणालं, बाई दगड आहे. त्या दिवशी घरी येऊन तिने कमरेची पिशवी सोडली, पैसे दोनदा मोजले आणि तशीच पिशवीवर हात ठेवून रात्रभर बसून राहिली. मी सात वर्षांची होते. आई वेगळी आणि व्यापारीण वेगळी असं त्या बाईत काही नव्हतं. म्हणून ‘झुरिकचे प्रेक्षक चुकीचं रडले’ हा सूर पुस्तकांत दिसला की मी अस्वस्थ होते. बाहेर रणगाडे फिरत असताना लोक एका आईसाठी रडले, यात गीझेचं काहीही चुकलं नाही. ब्रेख्तची दुरुस्ती मोठी आहे, नाटक त्याने अधिक कठोर झालं आणि माझ्या मते अधिक चांगलंही. पण ती दुरुस्ती सुचण्याजोगं जिवंत काहीतरी आधी रंगमंचावर उभं राहावं लागलं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रेख्त स्वतः म्युनिकला आला आणि कामरश्पिलेत त्याने हेच नाटक बसवलं. करेज कोण? गीझे. जिच्या पहिल्या प्रयोगानंतर संहिता बदलली, तीच बदललेली संहिता घेऊन, त्याच लेखकाच्या हाताखाली, आपल्या जन्मगावच्या, सतरा वर्षांपूर्वी सोडाव्या लागलेल्या रंगमंचावर उभी राहिली. बर्लिनच्या हालचाली, जागा, रचना हा सगळा नमुना समोर होता. ब्रेख्तनेच नोंदवलंय की तो नमुना वापरून तिने स्वतःची, पूर्णपणे वेगळी करेज उभी केली. ज्यांनी कुणी दुसऱ्याने गाजवलेली भूमिका केली असेल त्यांना विचारा, हे किती अवघड असतं. एक तर नक्कल होते, नाहीतर हट्टाने उलटं काहीतरी केलं जातं.

त्याच सुमारास ती बर्लिनर एन्साम्बल या ब्रेख्त-वायगेलच्या नाट्यसंस्थेतही होती. गॉर्कीची वासा झेलेझ्नोवा केली, मुटर वोल्फेन पुन्हा केली, १९५२ मध्ये क्लाइस्टचं ‘फुटका माठ’ दिग्दर्शित केलं. पूर्व बर्लिन, म्युनिक, झुरिक अशी ती ये-जा करत राहिली.

आणि मग स्विस नाटककार ड्युरेनमॅट. १९५६ मध्ये झुरिकला ‘म्हाताऱ्या बाईची भेट’: कृत्रिम पाय, हस्तिदंती हात, अब्जावधींची मालकीण क्लेअर झाखानासियान गावाला सांगते, मला फसवणाऱ्या माणसाचा जीव द्या आणि पैसे घ्या. पहिली क्लेअर गीझे. १९६२ मध्ये ‘भौतिकशास्त्रज्ञ’. त्यातली वेड्यांच्या इस्पितळाची प्रमुख, कुबड असलेली डॉक्टर माटिल्डे फॉन त्सान्ड. हे पात्र लेखकाच्या मनात आधी पुरुष होतं. गीझेसाठी ते बाई झालं, आणि नाटक तिलाच अर्पण केलेलं आहे. आज जर्मन शाळांमध्ये मुलं हे नाटक अभ्यासाला वाचतात. माझ्या शेजाऱ्यांच्या मुलीच्या दप्तरात ते छोटं पुस्तक पाहिलं. तिला विचारलं, ही डॉक्टर बाई का आहे? तिने नाटकाच्या आशयातून छान उत्तर दिलं. मग मी तिला सांगितलं की आपण जिथे उतरतो ना, त्या स्टेशनमुळे. ती पोरगी हरखून गेली.

ब्रेख्तची एक संहिता हिच्या प्रयोगानंतर बदलते, ड्युरेनमॅटचं एक पात्र हिच्यामुळे स्त्री होतं. मुखपृष्ठावर नाव लेखकाचं. मी लेखकांचं श्रेय काढून घेत नाही, पण नाटक टेबलावर अर्धंच लिहून होतं, उरलेलं तालमीत आणि प्रयोगात लिहिलं जातं, हे आपण मराठीत बोलताना म्हणतो आणि इतिहास लिहिताना विसरतो. संगीत नाटकाच्या काळापासून किती वाक्यं, किती जागा, किती चाली नटनट्यांनी घडवल्या असतील! त्यांची नोंद कुठे आहे? तालमीच्या वह्या रद्दीत गेल्या. ब्रेख्तने फोटो काढून ठेवले म्हणून मला गीझे सापडली.

बहात्तराव्या वर्षी, १९७० मध्ये, ती पश्चिम बर्लिनच्या शाउब्युने या नाट्यगृहात दिग्दर्शक पेटर श्टाइन आणि त्याच्या विशी-तिशीतल्या सहकाऱ्यांबरोबर ब्रेख्तची ‘आई’ करायला गेली. तिथे सगळे निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायची पद्धत होती. ज्येष्ठत्व बाजूला ठेवून त्या बैठकांत बसायला वेगळीच ताकद लागते.

सिनेमाही तिने केला. रोमी श्नायडरबरोबर १९५८ च्या ‘मेडशेन इन युनिफॉर्म’मध्ये ती शाळेची कडक मुख्याध्यापिका आहे. पण तुम्हाला एकच पाहायचा असेल तर लुई मालचा ‘लाकोंब, ल्युसिएँ’ पाहा, १९७४ चा. नाझींनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये लपून राहिलेलं एक ज्यू कुटुंब, त्यातली ही आजी. जवळजवळ काही बोलत नाही. एकटीच पत्ते मांडत बसते. घरात गेस्टापोसाठी काम करणारा पोरगा शिरलाय, मुलगा अपमान गिळतोय, नात त्याच पोराकडे ओढली जातेय, आणि म्हातारी मान वर करून फक्त बघते. त्या बघण्यात राग आहे, ओळख आहे आणि भयंकर थकवा आहे. हातातला पत्ता मात्र ती बरोबर जागी ठेवते. मी तो भाग चार वेळा मागे घेऊन पाहिला.

३ मार्च १९७५ ला म्युनिकमध्ये ती गेली, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. म्युनिकने तिला रस्ता दिला, स्टेशन दिलं. तिची कबर मात्र झुरिकला आहे, फ्लुंटर्नच्या टेकडीवरच्या दफनभूमीत, जिथे जेम्स जॉइसही आहे. ज्या शहराने आसरा दिला, तिथे. मे महिन्यात एक शनिवार रिकामा ठेवलाय. पहाटेची गाडी पकडून जाणार आहे, बरोबर शेजाऱ्यांची ती मुलगीही येतेय.