'गोळीवाल्याला दारू चढत नाही' म्हणे! हा मेसेज पुढे पाठवू नका

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचून डोकंच फिरलं. म्हणे ट्रामाडॉलसारख्या पेनकिलरची सवय लागलेल्याला दारू चढत नाही, म्हणून दोन पेग त्याला बाधत नाहीत, गोळी आणि दारूत चार तास ठेवले की झालं, आणि गोळी सोडताना अंग मोडून येतं तेव्हा थोडी घेतली तर आरामच पडतो. मावशीचा मुलगा मणक्याच्या ऑपरेशनपासून हीच गोळी घेतोय, आता ती सुटत नाहीये, आणि मावशी विचारतेय, "मग याला लग्नात थोडी चालेल ना?"

नाही मावशी, अजिबात नाही.

'चढत नाही' यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. दारूने मेंदूत एंडॉर्फिन नावाची रसायनं सुटतात, मजा वाटण्यात त्यांचा हात असतो, आणि रोज ओपिऑइड (ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची पेनकिलर) घेऊन ती रसायनं मेंदूत जिथे काम करतात त्याच जागा बोथट झाल्या की काहींना दारूत पहिल्यासारखी मजा येत नाही. पण मजा आली नाही म्हणजे शरीरावर परिणाम झाला नाही, हे कुठून आणलं? गोळी श्वास मंद करते, दारू वेगळ्या वाटेने तेच करते, त्यामुळे गोळीची सवय दारूपासून वाचवत नाही. शिवाय नशेची सवय शरीराला जितकी होते तितकी श्वास मंदावण्याची होत नाही. म्हणजे 'मला काहीच होत नाहीये' म्हणत माणूस तिसरा पेग भरतो आणि तोवर श्वास खाली गेलेला असतो.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये हे मोजून छापलंय. ऑक्सिकोडोन या ओपिऑइड पेनकिलरच्या 20 मिलिग्रॅमच्या एका गोळीने मिनिटाला घेतली जाणारी हवा 28 टक्क्यांनी घटली, वर दारू दिल्यावर आणखी 19 टक्के. औषध वेगळं होतं आणि त्या लोकांना गोळीची सवय नव्हती, पण ट्रामाडॉलही त्याच जातीचं, आणि त्याने तर फिटही येऊ शकते, दारूने तो धोका अजून वाढतो.

चार तासांचं गणित साफ चूक. हळूहळू विरघळणारी गोळी 12 ते 24 तास काम करते. आणि गोळी सोडताना दारू दिली तर एकाच्या दोन सवयी होतात. मधे गोळी बंद राहिली की सहनशक्ती उतरते, मग जुन्याच डोसवर दारू पडली तर जीव जाऊ शकतो.

कुणी सुचवतंय की दारू सोडवायची नॅलट्रेक्सोन जेवणातून चोरून द्या. कृपा करून नको! अंगात ओपिऑइड असताना ती दिली की उलट्या, जुलाब, तडफड एकदम सुरू होते. मावशीच्या मुलाला गोळी एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरांच्या हाताखाली कमी करू दे. 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर पुढे कुठे जायचं ते सांगतात.

आणि दारू-गोळी घेऊन झोपलेला माणूस घोरतोय, हलवून उठत नाही, ओठ निळसर दिसतायत तर "चढलीय, झोपू दे" म्हणू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.