साइडिंगच्या सगळ्या फटी बुजवू नका

कडाक्याच्या हिवाळ्याच्या प्रदेशात घर बांधणाऱ्यांना एक सल्ला सर्रास पाठवला जातोय: ‘जाड विनायल साइडिंग घ्या, खिळे घट्ट ठोका, सगळ्या फटी सीलंटने बुजवा. थंडी येणार नाही, पाणी शिरणार नाही, आयुष्यभर हात लावावा लागणार नाही.’ साइडिंग म्हणजे भिंतीला बाहेरून लावायचं पट्ट्यांचं आवरण, आणि विनायल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक. हा सल्ला ऐकून काम केलं तर चांगली भिंत कुजू शकते, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी थंडीचं. विनायलची पट्टी जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर जाड असते. जास्त जाड पट्टी सरळ राहते, वाऱ्यात कमी फडफडते, पण तिने घर उबदार होत नाही. ऊब टिकते ती भिंतीतल्या इन्सुलेशनमुळे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरामुळे, आणि हवेची गळती रोखल्यामुळे. मागे फोम चिकटवलेलं विनायल थोडीफार भर घालतं, इतकंच. हातात पैसे मोजके असतील तर ते आधी इन्सुलेशनवर घालावेत.

‘खिळे घट्ट ठोका’ हे तर उघड चूक आहे. विनायल गारठ्यात आकसतं, उन्हात वाढतं. साडेतीन मीटरच्या पट्टीची लांबी उणे २५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत एक सेंटिमीटरहून जास्त बदलते. म्हणून तर तिला खिळ्यासाठी गोल भोक नसतं, आडवी लांबट खाच असते. खिळा खाचेच्या मध्यावर मारायचा आणि डोकं साधारण एक मिलिमीटर वर सोडायचं. लावलेली पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. ती जखडली तर उन्हाळ्यात फुगून लाटा येतात, हिवाळ्यात खिळ्यापाशी ताण येऊन तडे जातात. टोकांनाही सहा मिलिमीटर जागा लागते. काम थंडीत चाललं असेल तर नऊ-दहा, कारण तेव्हा पट्टी आधीच आकसलेली असते. शिवाय गोठवणाऱ्या थंडीत विनायल ठिसूळ होतं. बर्फ उपसताना फावडं जोरात लागलं तरी चीर पडू शकते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र सीलंटच्या हौसेने होतं. वाऱ्याने ढकललेला पाऊस आणि भुरभुरता बर्फ कुठल्याही साइडिंगच्या मागे थोडा जातोच. घरातली दमट हवाही भिंतीत शिरते आणि गार थरावर तिचं पाणी होतं. हे पाणी खाली उतरून बाहेर पडलं पाहिजे. विनायलच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात ती त्यासाठीच, आणि नेमकी तीच लोक बुजवतात! मग पाणी आत अडकतं. गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, सांधे उकलतात, रंगाचे पोपडे निघतात. बर्फ वितळला की साइडिंगमागचं ओलं प्लायवूड हळूहळू कुजू लागतं, आणि बाहेरून भिंत नवीकोरी दिसत असते.

पाणी अडवायचं खरं काम करतो तो साइडिंगमागे भिंतीवर लावलेला जलरोधक पडदा. त्यावर उभ्या पट्ट्या ठोकून सेंटिमीटरभर पोकळी ठेवली की भिंत वाळते. लाकूड आणि फायबर सिमेंटच्या (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेल्या) साइडिंगला तर ही पोकळी फार मानवते. खिडकीवर पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी वाकवलेली पट्टी, हवंच. त्याची खालची कड मोकळी ठेवा. सीलंट लागतो तो नळ-वायरी भिंतीतून बाहेर येतात तिथे, आणि साइडिंग बनवणाऱ्याने सांगितलेल्या सांध्यांना.

राहिली ‘आयुष्यभर हात नको’ची गोष्ट. असा कुठलाच माल नाही. फायबर सिमेंट थंडीत छान टिकतं, पण कापलेल्या कडा पाणी पितात, म्हणून प्रत्येक कापाला प्रायमर लावावा आणि खालची कड जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवावी. जिथे बर्फाचे ढीग साचतात तिथे आणखी वर. लाकडाला मागून आणि टोकांनाही रंग लागतो. स्टील थंडीने तडकत नाही, पण कापल्या कडेला गंजतं.

कोटेशनवर सही करण्याआधी ठेकेदाराला विचारा, ‘साइडिंगमागे गेलेलं पाणी कुठून बाहेर येणार?’ ती जागा त्याने नकाशावर बोट ठेवून दाखवली पाहिजे. ‘पाणी जाणारच नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा ठेकेदार बघा.