जन्मदाखल्याला हात लावायच्या आधी हे वाचा

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: अमेरिकेने मुलांच्या फुटबॉलमधले वयोगट बदलले, कारण वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुलं खेळात कधीच टिकत नाहीत हे 'शास्त्राने सिद्ध' झालंय. आपल्याकडे जुनाच नियम असल्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या मुलांवर अन्याय होतो. मोठ्या मुलांबरोबर खेळून त्यांची उंची खुंटते. म्हणून एकतर खेळ थांबवा, नाहीतर दाखल्यावर पुढच्या वर्षाचा 'जानेवारी' करून घ्या, म्हणजे मूल खालच्या गटात खेळेल.

असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण तो जुळे सोलापुरात माझ्या ताईकडे पोचला. भाचा नोव्हेंबर २०१३चा. ताईने त्याची प्रॅक्टिस बंद केली आणि मला फोन करून विचारलं, "जन्मतारीख बदलून देणारा कुणी ओळखीचा आहे का रे?" आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा अमेरिकेचा. तिथल्या मोठ्या युवा फुटबॉल संघटना २०२६-२७च्या हंगामापासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा वयोगट धरणार आहेत, एवढं खरं. कारण मात्र मेसेजवाल्याने मनाने घातलंय. तिथे पूर्वी ऑगस्टचाच नियम होता. आंतरराष्ट्रीय पद्धतीशी जुळावं म्हणून २०१७पर्यंत सगळ्यांना जानेवारी ते डिसेंबरवर आणलं. त्यात एका वर्गातली मुलं दोन संघांत विभागली गेली. अर्धा वर्ग पुढच्या गटात, अर्धा मागच्या. आठ-नऊ वर्षांचं पोर मित्र नाहीत म्हणून मैदानावर यायलाच कुरकुरतं. तिकडे शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते, म्हणून वर्गमित्र पुन्हा एकत्र यावेत यासाठी जुन्या तारखेवर परत जाणं आलं. नवा शोध वगैरे काही लागलेला नाही.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे साधारण एका कॅलेंडर वर्षातली मुलं एका वर्गात येतात. खेळाचा गटही जानेवारी ते डिसेंबरच. इथे ऑगस्टचा नियम आणला, तर अमेरिकेने जे दुखणं बरं करायला घेतलंय तेच आपण विकत घेऊ.

इथे अर्धं सत्य मान्य करावं लागतं, इलाज नाही. ही ३१ डिसेंबरची अट २०२०मधली. त्याआधी ३० सप्टेंबर होती. त्यामुळे आत्ता सहावी-सातवीच्या पुढे असलेली ऑक्टोबर ते डिसेंबरची बरीच मुलं वर्गात थोरली आणि मैदानावर धाकटी ठरतात. भाच्याचं तेच झालंय. त्याच्या बाकावरचा मित्र २०१४चा, तो खालच्या गटात. पोराला वाईट वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे.

दुसरा मुद्दा, 'कधीच टिकत नाहीत'. एकाच गटात जानेवारीचं मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं. बाराव्या वर्षी तेवढ्याने उंची, ताकद, धाव, सगळ्यात फरक पडतो. निवड करणारा त्यालाच गुणवत्ता समजतो. निवडलेल्याला चांगला कोच आणि जास्त सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. हे जगभर दिसलंय, नाकारायचं कारण नाही. पण नियम बदलल्याने हे संपतं का?

याचं उत्तर बेल्जियममध्ये मिळालंय. तिथे १९९७मध्ये वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीला नेली. वर्नर हेल्सेन या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलाच्या आधीचा आणि नंतरचा हंगाम तपासून २०००मध्ये निष्कर्ष छापले. आधी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेली मुलं निवडीत जास्त होती. तारीख हलवल्यावर वर्षभरात जानेवारी ते मार्चची मुलं वर आली. मुलं तीच, देश तोच, कोचही बहुतेक तेच. काल 'हुशार' असलेली ऑगस्टची पोरं आज 'सामान्य' झाली. म्हणजे दोष कुठल्या महिन्यात नाही. रेघ कुठेही मारा, तिच्या अलीकडचं कुणीतरी धाकटं राहणारच. नियम ऑगस्टचा झाला तर जूनची आई हाच मेसेज पाठवेल.

'कधीच' या शब्दासाठी एवढंच: फ्रान्सचा स्टार फुटबॉलपटू एम्बापे २० डिसेंबर १९९८चा आहे.

शिवाय सोलापूरची गोष्ट वेगळी आहे, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही. हा परिणाम जोर धरतो तो जागा थोड्या आणि उमेदवार खंडीभर असतात तिथे. कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल आहे, तिथे चिंता करा. आपल्याकडे रविवारी अकरा पोरं जमवताना नाकी नऊ येतात. मे महिन्यात तर गोलकीपर शोधायला घरोघर फिरावं लागतं. जो येतो तो खेळतो. आणि शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या एकाच गटात अकरा वर्षांचा नि तेरा वर्षांचा एकत्र उतरतो. दोन वर्षांची तफावत समोर दिसत असताना काही महिन्यांचं रडगाणं कशाला?

उंची खुंटण्याबद्दल फार लिहीत नाही. खेळल्याने उंची खुंटत नाही. वाढीच्या वयात टाच दुखते, दांडग्या मुलाची धडक बसते, त्यासाठी कोचने सरावात जोड्या अंगापिंडाकडे बघून लावाव्यात. काही देशांत तर शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवतात. बस.

आता त्या शेवटच्या सल्ल्याकडे येतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. 'दाखल्यावर जानेवारी करून घ्या.' अहो, हा गुन्हा आहे! जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चुकलेली नोंद दुरुस्त करायची सोय आहे, बरोबर असलेली नोंद चुकवायची नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर त्याच कायद्यात शिक्षा आहे. आणि एक तारीख बदलून भागत नाही. महापालिकेची नोंद, शाळेचं जनरल रजिस्टर, आधार, गेल्या वर्षी भरलेला स्पर्धेचा फॉर्म, सगळीकडे नोव्हेंबर बसलाय. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. उद्या दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि पासपोर्टला दुसरी तारीख निघाली, की पोरगं अठराव्या वर्षी कार्यालयांचे खेटे घालत बसणार. फुटबॉल राहिला बाजूला.

वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यात दोन महिने कुठे कळतात, असं ताईच म्हणाली. नाही कळत. हाडावरून वयाचा अंदाज निघतो, तारीख नाही. पण पकडलं जाणार नाही म्हणून करायचं, हे बारा वर्षांच्या पोराला कोण समजावणार? त्याला तर प्रत्येक फॉर्मवर खोटी तारीख स्वतःच्या हाताने लिहायचीय. आणि खालच्या गटात त्याने जागा घेतली, की खरोखरच जानेवारी २०१४ला जन्मलेलं कुणाचं तरी पोर बाकावर बसणार. त्याच्या आईलाही मेसेज पाठवणार का?

ताई, त्याला या रविवारी सहा वाजता पाठव. आणि तारीख बदलून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला ॲडव्हान्स दिला असशील तर आजच परत माग.